अर्धा नाच

लाइट आली तेव्हा नायजेरियातल्या एनुगू शहराच्या त्या चाळीत एकच ओरडा झाला. पंखे, रेडिओ, मिरची दळायची गिरणी, सगळं एकदम जागं झालं. ओबियागेलीबाईंनी मात्र आधी व्हिडिओ कॅसेट मशीनमध्ये घातली.

शेजारच्या मास्तरांच्या पुस्तकांच्या पेटीत ती तळाशी सापडली होती. तीत बाईंच्या थोरल्या लेकीचं बारसं होतं. त्या दिवशी बाई आत बाळाजवळ होत्या. नवरा, ओक्वुदिली, अंगणात नाचला, हे त्यांनी नुसतं ऐकलं होतं. तो वारल्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

टीव्हीवर तो आला. पांढरा सदरा, हातात ताडीचा पेला, पाय अनवाणी.

"बूट कुठं टाकले बघा यानं!" बाई म्हणाल्या. "आणि मला सांगायचा, नाचता येत नाही म्हणून. लबाड!"

मास्तर दारातच उभे होते. बोलावलं तरी ते कुणाच्या खोलीत सहसा जात नसत. टीव्हीमागचा धूर आधी त्यांना दिसला. एक्स्टेंशन बोर्ड वितळत होता. ठिणग्या उडाल्या आणि खिडकीचा पडदा पेटला.

"माझी कॅसेट!" बाईंनी कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलली.

मास्तरांनी उंबऱ्यात पाऊल टाकलं, मागं घेतलं. आपलंच चुकत असेल तर? बादली तिरकी होऊ लागली.

"पाणी नको! करंट आहे! बाहेर या आधी!"

हा आवाज मास्तरांचा आहे, हे चाळीला पटायलाच वेळ लागला. बाई बादली ठेवून बाहेर आल्या. तोवर मास्तर बोळातल्या मेन स्विचपाशी पोचले होते. साऱ्या चाळीला तो एकच. त्यांनी दांडा खाली ओढला.

सगळं बंद पडलं.

"लाइट कुणी घालवली रे? आठवडा उलटल्यावर आली होती!" कुणीतरी ओरडलं.

"मास्तर, तुम्ही?" टोबे न्हावी मशीन हातात घेऊनच धावत आला. "याचं अर्धं डोकं राहिलंय!" मागं गिऱ्हाईक उभं होतं, एका बाजूनं तुळतुळीत.

"वाळू," मास्तर म्हणाले. "आता वाळू टाका. पण दारातूनच."

अंगणात घरमालकाच्या बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. टोपल्या आल्या, पातेली आली. खोली लहान होती, आग विझली. कॅसेट मशीनसकट वितळून तिचा काळा गोळा झाला होता.

स्विच वर करायला कुणी गेलं नाही. बाई पायरीवर बसल्या.

"आत्ता वळणार होता तो," त्या म्हणाल्या. "पाणी टाकलं असतं तर निदान कॅसेट तरी..."

"आणि तुम्हाला कुठून आणलं असतं?" टोबे म्हणाला.

"कळतंय रे मला." बाईंनी हातांची वाळू झटकली. "मास्तर, कॅमेरा तुमच्याच हातात होता ना? पुढं काय केलं त्यानं?"

मास्तर अंगणाच्या मधोमध गेले. मग चष्मा काढून टोबेच्या हातात दिला.

अर्ध्या डोक्याच्या गिऱ्हाइकानं पातेलं पालथं घालून ताल धरला. मास्तरांनी रिकामा हात उंच केला, आणि कुणाकडंही न बघता, हळूच डावीकडं वळले.