झिजलेला पृथ्वीगोल

चांदवडजवळच्या एका शाळेत देवरेबाईंनी स्वतःच्या पगारातून पृथ्वीगोल आणला आणि बिल तालुक्याला पाठवलं. पहिल्या वर्षी अनुदानच आलं नाही. दुसऱ्या वर्षी बिलावर दुकानदाराचा शिक्का नाही म्हणून कागद परत आला. मग कारकुनाची बदली झाली. पुढे बाईंनी विचारणंच सोडून दिलं.

चौथ्या वर्षी एक साहेब तपासणीला आले.

"वस्तू बघितल्याशिवाय बिल पास होत नाही, मॅडम. गोल आणा."

बाईंनी गोल आणून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो सावकाश फिरवला आणि मध्येच थांबवला. बाकीचे देश, समुद्र सगळं जागच्या जागी होतं. भारत होता तिथं मात्र नुसता पांढरा पुठ्ठा दिसत होता. खाली श्रीलंका तेवढी शाबूत होती.

"हे कुणी खरवडलं?"

"कुणी नाही, सर. वापरून झिजलंय."

"भारतच नाही यात. अशा खराब वस्तूचं बिल मी कसं पास करू?"

"नका करू," बाई म्हणाल्या. आपल्याला राग येईल असं त्यांना वाटलं होतं. तो आला नाही.

साहेबांची जीप गेल्यावर बाई गोल घेऊन वर्गात गेल्या. नव्यानंच शाळेत आलेली एक मुलगी जवळ येऊन उभी राहिली.

"बाई, ह्याच्यात आपलं गाव कुठं हाय?"

आजवर प्रत्येक मुलाचं धरलं होतं तसं बाईंनी तिचं बोट धरलं आणि त्या पांढऱ्या जागेवर टेकवलं.