बाबांची बुरशी

तिसऱ्यांदाही डीएनएचा क्रम तोच आला. आंबोलीच्या जंगलात कुजक्या लाकडावर सापडलेली केशरी, जेलीसारखी बुरशी बाबांनी तीस वर्षांपूर्वी नवी प्रजाती म्हणून नोंदवली होती. मी डीएनएवरून मांडलेल्या बुरशींच्या वंशवृक्षात मात्र ती आधीच माहीत असलेल्या एका प्रजातीत जाऊन बसली.

“ताई, हा एक नमुना वगळू या का?” माझी सहकारी ऋजुता हळूच म्हणाली. बाबांना जाऊन महिनाच झाला होता. मी इतकी थकले होते की हो म्हणाले असते. म्हणून आईला फोन लावला.

“बाबांची प्रजाती रद्द करावी लागेल गं.”

“मग कर की. दुसऱ्या कुणाची रद्द केली की दोन पोळ्या जास्त जेवायचे ते!”

मला हसू आलं. मग आईने विचारलं,

“नाव अगदी पुसूनच टाकतात का?”

“नाही. रद्द झालेलं नावही खऱ्या नावाखाली छापतात, देणाऱ्याच्या नावासकट. दर वेळी.”

“मग तुझा लेख पाठवून दे छापायला,” आई म्हणाली. “छापून आलं की तेवढं पान मला आणून दे.”