खालचं स्वयंपाकघर

समोरच्या लोरेटाच्या ओसरीवर कॉफीचा दुसरा घोट घेताना इडा मारझिलीला आठवलं, की आपण ग्रेव्ही गॅसवरच ठेवून आलो आहोत.

रविवार होता ना. चर्चहून आलं की हात आपसूक टोमॅटोकडे जातात, डोक्याला विचारत बसत नाहीत. मग लसूण, मग खिम्याचे गोळे, मग झाकण. आज घर बघायला लोक येणार, हे त्या हातांना कोणी सांगितलंच नव्हतं. घर विकून देणाऱ्या शेरिलने तर आठवडाभर घोकून घेतलं होतं, "भिंतीवरचे फोटो उतरवा, सोफ्याचं प्लास्टिक काढा, आणि एक ते तीन घरात थांबू नका. मालकीण समोर दिसली की लोकांना ते घर आपलं वाटत नाही, मिसेस मारझिली."

"किती माणसं आत गेली बघ," लोरेटा म्हणाली. "बाहेर एक येत नाही. तुझ्या घराने गिळली की काय?"

"लोरेटा, ग्रेव्ही राहिली गं."

"मग जा की. शेरिल काय तुला तुझ्याच घरातून हाकलून देणार आहे?"

इडा गुडघे सांभाळत रस्ता ओलांडून गेली. दार उघडंच होतं. वरच्या स्वयंपाकघरात चिटपाखरू नव्हतं. पांढरी शेगडी नेहमीसारखी चकचकत होती. नवऱ्याने, अटिलिओने, ती लग्नाच्या वर्षी आणली होती आणि इडाने तिच्यावर साधं अंडंही उकडलं नव्हतं. या गल्लीत सगळ्यांचं असंच, वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायला आणि तळघरातलं रांधायला.

आयुष्य गेलं ते तळघरात. सासूची काळी शेगडी, मेणकापड घातलेलं लांब टेबल. ऑगस्टमध्ये टोमॅटोच्या बरण्या भरताना सगळ्या घराचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे आणि अटिलिओ मोठ्याने, बेसूर गात असायचा. तो गेल्यावरही इडा तिथेच जेवायची, एकटी. घर विकायला तिची ना नव्हती. जिना आता पूर्वीसारखा उतरवत नव्हता आणि ॲरिझोनात मुलीने खोली तयार ठेवली होती. पण मंगळवारी एक जोडपं येऊन तळघराची मापं घेऊन गेलं होतं. हे सगळं उखडून टाकू, इथे व्यायामाची यंत्रं येतील, असं ती दोघं तिच्यादेखतच बोलली. घर गेलं तरी चालेल, पण ती शेगडी भंगारात जाणार, हे इडाच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

कठडा धरून ती खाली उतरली.

सगळे तिथेच होते. टेबलाभोवती दाटीवाटीने बसले होते. मंगळवारचा तो मापवाला टेप बाजूला टाकून पाव बुडवून खात होता. शेरिल कोपऱ्यात उभी होती, हसावं की रडावं अशा चेहऱ्याने. आणि शेगडीपाशी, भरजरी रुमाल डोक्याला बांधलेली इडाच्याच वयाची एक ठेंगणी बाई भांडं ढवळत होती.

"हे भांडं तुझं का?" तिने वळून विचारलं. "आच मोठी ठेवून कुठे उंडारत होतीस? खाली लागत होतं."

"तू ढवळलंस?"

"मग काय जळताना बघत बसू? हा माझा मुलगा मॉरिस म्हणतो, आई, परक्याच्या घरात हात लावू नकोस. म्हटलं, तू गप बस, अन्न काय परकं असतं?"

मॉरिसने ओशाळून मान हलवली. "माफ करा हं. आई कुणाचं ऐकत नाही. केबे फ्लोमो हे तिचं नाव निघालं की आमच्या चर्चमध्येसुद्धा सगळे स्वयंपाकघर सोडून बाजूला होतात."

"वरचं बघितलंस?" इडाने तिला विचारलं.

"बघितलं. तिथे कधी कुणी रांधलंय का?" केबे म्हणाली. "लायबेरियात आमचंही असंच होतं. पुढे पाहुण्यांना बसवायचं, चूल मागच्या अंगणात. सगळं हसणं-भांडणं त्या चुलीशीच. इथे आल्यापासून मी फ्लॅटमध्ये राहते, दिवाणखान्यातच शेगडी. भांडायलासुद्धा जागा नाही, म्हणून तर घर शोधतोय."

इडाला हसू आलं. किती दिवसांनी त्या खोलीत कुणीतरी तिच्याशी असं बोललं होतं. अटिलिओ असाच बोलायचा, आणि त्याच्या आठवणीने तिला एकदम भरून आलं.

"मिसेस मारझिली," शेरिल हळूच म्हणाली, "तुम्ही बाहेर असायला हवं होतं."

इडाने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती शेगडीजवळ गेली.

"हा डावीकडचा बर्नर आपोआप पेटत नाही," तिने केबेला सांगितलं. "काडी लावावी लागते. तोंड लांब ठेवायचं, भडका उडतो. अन् ओव्हनचं दार जोरात लोटल्याशिवाय बसत नाही."

शेरिलने डोळे मिटून घेतले. घराचे दोष मालकिणीने असे चव्हाट्यावर मांडायचे असतात का?

केबेने डाव्या बर्नरची कळ फिरवून पाहिली, वाकून वास घेतला आणि ती परत बंद केली.

"काड्या कुठे ठेवतेस?"

इडाने खिडकीवरच्या फळीकडे बोट दाखवलं. मग शेगडीपासून दूर होऊन तिने टेबलाच्या पलीकडची, पाहुण्यांच्या बाजूची एक खुर्ची ओढली आणि बसली.