तारे दिसेपर्यंत

"छातीत दुखतंय," आई म्हणाली, आणि तिच्या बुकबाइंडर मुलाच्या हातातलं पुस्तक मिटलं गेलं.

शब्बाथची, ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाची, दुपार होती. काल सूर्यास्तापासून घरात चूल पेटली नव्हती, दिव्याच्या बटणाला हात लागला नव्हता, फोन कापडाखाली झाकलेला होता. आज आकाशात तारे दिसेपर्यंत हे असंच चालायचं. वाहनात बसणं तर लांबच राहिलं.

"नक्की कुठं दुखतंय?"

आईनं हात छातीच्या उजव्या बाजूला ठेवला. मग जरा डावीकडे सरकवला. "इथं. सगळीकडेच."

सकाळीच डॉक्टरांचा विषय निघाला होता. "रात्री बघू, शब्बाथ सुटू दे," म्हणून त्यानं तो उडवून लावला होता. त्यानंतर आई खाली शेजाऱ्याकडे जाऊन बसली, आणि परत आली ती गप्पच. आता ते सगळं त्याला खायला लागलं.

"मी धर्मगुरूंना विचारून येतो. धावत जातो."

"काय विचारणार?"

"गाडीनं गेलं तर चालेल का."

"जिवावर बेतलं की शब्बाथ मोडायचा, हे तुला मी सांगायचं? तुझ्या वडलांनी तुला अक्षरओळखीच्या आधी ते शिकवलंय." आजारी माणसाच्या मानानं आवाज खणखणीत होता. तिच्याही ते लक्षात आलं असावं. तिनं डोळे मिटून घेतले. "विचारत बसण्यात माणूस गेला तर ते पाप विचारणाऱ्याच्या डोक्यावर. धर्मगुरू तुला दारातून हाकलतील."

ते खरं होतं. नियम त्याला पाठ होता. जीव वाचायची नुसती शक्यता असली तरी शब्बाथ मोडायचा, आणि मोडताना कचरायचं नाही. पण पन्नाशी उलटेपर्यंत त्यानं तो एकदाही मोडला नव्हता. एका शब्बाथला तापानं फणफणला होता, तरी दिवसभर तसाच पडून राहिला. खालचा टॅक्सीवाला शेजारी म्हणायचा, "बाइंडरवर पुस्तकांचं कपाट कोसळलं तरी तारे दिसेपर्यंत हा त्याच्याखालीच थांबेल."

"गाडी सांगतो," तो म्हणाला. तो अनवाणीच दाराकडे निघाला.

"आधी चपला घाल."

तिनं पलंगाखालून एक भरलेली पिशवी ओढली.

"दे, ती मी घेतो."

"नको. तू नुसता माझा हात धर."

जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती थांबत होती. "थांब रे. मला दम लागतो." तो थांबत होता, आणि त्यालाही ते बरंच वाटत होतं. काळजीनं पाय जड झाले होते, शर्ट पाठीला चिकटला होता.

"तुझा हात दुखायचा थांबला का?"

"माझं काय घेऊन बसलीस आई? काल पुस्तकं दाबायच्या यंत्राचा दांडा जास्त फिरवला, एवढंच."

"दाढ दुखते म्हणून जेवलाही नाहीस."

मरायला टेकली तरी हिला माझ्या जेवणाची पडलीय, त्याच्या मनात आलं, आणि डोळे भरून आले.

खाली टॅक्सी फाटकाकडे तोंड करून उभी होती. शेजारी आत बसलेलाच होता.

"या काकू. इतकी वर्षं बोलावतोय, आज बसताय गाडीत."

"तोंड नको चालवू, गाडी चालव."

दुकानं, झाडं, माणसं खिडकीतून मागे पळू लागली. शब्बाथला रस्ता असा पळताना त्यानं कधी पाहिला नव्हता. त्यानं आईचा हात घट्ट धरला. तो चांगला गरम होता. आपलाच गार पडलाय, भीतीनं, असं त्याला वाटलं. शेजारी पुन्हा पुन्हा आरशात बघत होता.

"रस्त्याकडे बघा हो," बाइंडर म्हणाला.

चौकात लाल दिवा लागला. शेजाऱ्यानं ब्रेक दाबला.

"इथं मी शब्बाथ मोडून बसलेय," आई म्हणाली, "आणि तू सिग्नल पाळतोस?"

शेजाऱ्यानं दोन्हीकडे पाहून गाडी काढली.

"आई, तुला काही झालं तर मी..."

"मला काही होत नाही. तू बोलू नकोस. सावकाश श्वास घे."

हॉस्पिटलच्या दारात नर्स चाकांची खुर्ची घेऊन आली.

"कुणाला त्रास होतोय?"

"आईला," तो म्हणाला. "छातीत..." दम लागल्यानं पुढचा शब्द त्याला फुटेना. त्यानं गाडीच्या दाराला धरलं.

आई पलीकडच्या बाजूनं उतरली, कुणाचा हात न धरता. गाडीला वळसा घालून ताडताड चालत आली आणि खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"बस," ती त्याला म्हणाली.

मग तिनं पिशवी उघडली आणि एकेक वस्तू नर्सच्या हातात दिली: त्याचा पायजमा, त्याचा टॉवेल, त्याचा दात घासायचा ब्रश.