तीन माणसांची गाडी

एका गाडीत तीन माणसं नसतील तर ती विद्यापीठाच्या आवारात उभी करायची नाही, असा नियम ज्या साहेबांनी काढला ते स्वतः रोज एकटे येतात. ड्रायव्हर त्यांनी माणसात धरलेला नाही. नियम मात्र प्रयोगशाळेतल्या आमच्या काचवाल्याला.

आज त्याच्या गाडीत शांतता होती. काचवाल्याने ती मागून घेतली होती. शेजारी बसलेला आस्थापना विभागातला कारकून तोंड शिवल्यासारखा गप्प होता. मागे ग्रंथालयात पुस्तकं बांधणारी बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या भागातली बस बंद करून तिला ह्या गाडीत बसवलं होतं. गाडीच्या परवान्याच्या फॉर्मवर तिसरी सही तिची.

कारकुनाला गाडीत रेडिओ म्हणत. सीटबेल्ट लावला की सुरू. "लाल पडला बरं का." "उजवीकडून ट्रक येतोय, माजलाय नुसता." "पुढे खड्डा, कालच्यापेक्षा बाळसं धरलंय त्याने." बाई मागे हसायची. काचवाला हसत नसे. "दिसतंय मला," एवढंच म्हणायचा, दर वेळी.

खरं तर दिसत नव्हतं. तीस वर्षं रसायनशास्त्र विभागात गॅसच्या ज्योतीपुढे बसून त्याने काचेच्या नळ्या वाकवल्या, फुगवल्या, जोडल्या. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गढूळ झाला. आता डावाही. काम अडत नव्हतं. ज्योत आवाजावरून कळते, काच मऊ झाली की बोटांना कळतं. पण हे डॉक्टरला कोण सांगणार? वार्षिक तपासणीत त्याने काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "कागद तुमच्या कार्यालयाकडे जाईल." कार्यालयाकडे म्हणजे ह्या रेडिओच्या टेबलावर. कागद पुढे सरकला की ज्योत बंद. मग निवृत्तीपर्यंत चार वर्षं स्टुलावर बसून पोरांना परीक्षानळ्या मोजून द्यायच्या.

त्या गोष्टीला आठ महिने झाले. कागदाचा पत्ता नाही. पण महिन्याभरात हा नियम आला, आणि काचवाल्याच्या गाडीत बसायला स्वतःहून अर्ज कुणी केला? ह्याने. ह्याच्या घरासमोरून विद्यापीठाची थेट बस सुटते. बसायला जागा मिळते. ती सोडून हा रोज दोन गल्ल्या चालत येतो आणि काचवाल्याच्या शेजारी बसतो. कशासाठी? लाल पडला की हिरवा, हे कशाला तपासतो? एक डॉक्टरचा कागद पुरेना, म्हणून ह्यांनी माणूस बसवला. तो सारखा चाचपतोय, कधी चुकतो ते बघतोय. काचवाल्याला झोप लागेनाशी झाली.

काल त्याने गाडी थांबवून सांगून टाकलं, "उद्यापासून गाडीत एक अक्षर बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर बस आहे."

म्हणून आज शांतता. कारकून मुठी आवळून समोर बघत होता. दोन चौक गेले. काचवाला पुढच्या गाडीच्या मागे मागे चालला होता, नेहमीसारखा. विद्यापीठाच्या दुसऱ्या फाटकापाशी ती गाडी डावीकडे वळली. समोर नुसता पांढुरका उजेड राहिला. त्याने गाडी तशीच सरळ नेली.

कारकुनाने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला.

गाडी किंचाळत थांबली. बंपरपासून वीतभर अंतरावर सायकल धरून एक मुलगी उभी होती. तिने आत पाहिलं, काहीतरी पुटपुटली आणि निघून गेली.

"दिसली होती मला," काचवाला म्हणाला.

"सायकल कुठल्या रंगाची होती, काका?"

इंजिन बंद पडलं होतं. मागचे लोक हॉर्न वाजवत होते.

"लिहा आता," काचवाला शेवटी म्हणाला. "एवढ्यासाठीच बसलायत ना?"

"काय लिहू? तुमच्या डोळ्यांचा कागद आठ महिने माझ्याच टेबलावर आहे. ढिगात सगळ्यात खाली. ढीग उतरला, कागद वर आला, की मी त्यावर नवा ढीग ठेवतो. साहेब विचारतात, मी म्हणतो प्रक्रियेत आहे." कारकुनाने कपाळ पुसलं. "कागद दाबता येतो हो. तुमची गाडी कुठे दाबू? म्हणून बस सोडली. म्हणून ही रोजची बडबड. घरी मी दोन शब्द बोलत नाही, बायकोला विचारा."

लाल पडला बरं का. उजवीकडून ट्रक. पुढे खड्डा. सात महिने हा माणूस त्याला रस्ता वाचून दाखवत होता, आणि तो त्याला हेर समजत होता. काचवाल्याने हात लांब करून कारकुनाचा खांदा शोधला. कारकुनाने तो हात धरला.

मागे डबा पायांपाशी उपडा झाला होता. बाईचं कपाळ पुढच्या सीटच्या दांडीवर आपटून फुटलं होतं. तिने पदर त्यावर दाबून धरला होता.

"तुम्हाला माहीत होतं," ती काचवाल्याला म्हणाली. मग कारकुनाकडे वळली. "तुम्हालाही. आणि सात महिने मी हसत होते. मला कधी सांगणार होतात?"

दोघांनी हात सोडले.

"गप्प बसू नका आता. कधी?"