एकोणतीसचा पाढा

"अगं बाई गं!" बाथरूममधून आत्या किंचाळली आणि पाठोपाठ दार धाडकन आपटलं. बाहेर खांद्यावर टॉवेल टाकलेली लेक तोंड दाबून हसत उभी होती.

आई चहाचं गाळणं हातात घेऊन तशीच धावत आली. हल्ली घरात काहीही आपटलं की ती अशीच धावायची.

"काही नाही गं आई. आत्या गात नव्हती. मला काय माहीत ती आत आहे!"

"मी अंघोळीला आलेय की मैफलीला?" आतून आत्या. "आणि कडी कुठं गेली दाराची? कुलूपवाल्याच्या घरात कडी नाही! लोकांना कळलं तर धंदा बसेल माझ्या भावाचा."

खरंच नव्हती. अख्ख्या गल्लीच्या दारांना कड्या-कुलपं बसवणाऱ्या बाबांनी आपल्या घरातल्या सगळ्या कड्या स्वतःच्या हाताने उतरवल्या होत्या. तेव्हापासून जो आत जाईल त्याने गायचं, असा नियम झाला. लेक जुनी-नवी सगळी गाणी म्हणायची. आई गुणगुणायची. बाबांचा आणि सुराचा काही संबंध नव्हता, म्हणून ते पाढे म्हणायचे, आणि रोज एकाच जागी घसरायचे. "एकोणतीस साते दोनशे चार!" असं ऐकू आलं की स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "दोनशे तीन!"

आत्या कालच आली होती. नियम तिला कुणी सांगितला नव्हता, कारण मग कारणही सांगावं लागलं असतं.

ती केस पुसत बाहेर येईपर्यंत आईने एक कारण तयार ठेवलं. "दारं फुगलीत हो वन्सं. कड्या लागतच नाहीत."

"सगळीच्या सगळी? एकदम?"

"हवा दमट आहे ना."

आत्याने भावाकडे पाहिलं. बाबा वर्तमानपत्रात आणखी आत शिरले.

"माझ्यामुळे काढल्यात," लेक म्हणाली. "मी जीव द्यायला निघाले होते, आत्या. मागच्या महिन्यात. हॉस्पिटलात होते ते तापामुळे नाही."

गाळण्यातून चहा फरशीवर ठिबकत राहिला. आईने हा विषय घरात एकदाही काढला नव्हता. आपण बोललो आणि परत तेच हिच्या डोक्यात आलं तर? डॉक्टरांनी बजावलं होतं, सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. आई रोज ठरवून लेकीच्या खोलीत जायची आणि विचारायची, "दूध देऊ का?"

आत्या खुर्ची ओढून लेकीसमोर बसली. "आताही येतं का मनात?"

"वन्सं!"

"तू थांब गं वहिनी. बोलू दे तिला."

"येतं कधीकधी," लेक म्हणाली. "गेल्या आठवड्यात आलं होतं. पण तुम्हाला वाटतं तसं ते नसतं. मरायची हौस नव्हती मला." ती टॉवेलचं टोक पिळत राहिली. "कुलपात किल्ली अडकते ना, पुढेही जात नाही, बाहेरही येत नाही, तसं झालं होतं. कॉलेज, मैत्रिणी, झोप नाही... एकच असं कारण नाही सांगता येणार. वाटलं, हे आता असंच राहणार. म्हणून होता-नव्हता तो जोर लावला."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "अडकलेल्या किल्लीला जोर लावतात होय?" आवाज थेट गिऱ्हाइकाला झापतानाचा. "किल्ली अडकली की सगळी गल्ली मला हाक मारते. भरल्या ताटावरून उठवतात लोक. तुला तेवढी हाक मारता आली नाही?"

"तुम्ही म्हणाला असता, 'हात्तिच्या, एवढंच ना!'"

बाबांनी खाली ठेवलेल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "म्हणालो असतो खरं. आता नाही म्हणणार."

"मग मारेन हाक. ताटावरून उठवेन हं."

"उठव."

आत्याने ओल्या टॉवेलनेच डोळे पुसले, नाक पुसलं. "बरं, आता माझं ऐका. मी आठवडाभर राहणार आहे आणि मी गाणार नाही. एक तरी कडी बसवा बाबांनो!"

सगळे आईकडे बघायला लागले. आई लेकीकडे बघत होती.

"तुला परत तसं..." आईने गाळणं दुसऱ्या हातात घेतलं आणि वाक्य पूर्ण केलं. "परत तसं वाटलं तर मला सांगशील?"

"सांगेन. तू दूध विचारायला आलीस की लगेच सांगेन. नाहीतरी दूध नकोच असतं मला."

आत्या आधी फिसकन हसली, मग बाबा, आणि मग हातातलं गाळणं सांभाळत आईसुद्धा.

"बाहेरून उघडता येईल अशी बसवा," ती बाबांना म्हणाली.

"आहे माझ्याकडे. बाहेरून नाणं घालून फिरवायची." बाबा हत्यारांची पेटी काढायला उठलेच होते.

कडी बसली. पहिला मान लेकीचा. ती आत गेली आणि आतून खटका वाजला.

आई दाराबाहेर उभी राहून स्वच्छ दार पदराने पुसायला लागली. दुसऱ्या हाताच्या मुठीत नाणं होतं. आतून गाणं नाही, पाण्याचा आवाज नाही. तिने मूठ उघडली, परत मिटली.

आणि आतून हुबेहूब बाबांच्या आवाजात ऐकू आलं, "एकोणतीस साते दोनशे चार!"

"दोनशे तीन!" आई जिवाच्या आकांताने ओरडली.

"माहितीये गं," आत हसू फुटलं. "तू तिथंच आहेस का, ते बघत होते."