आळसाचं औषध

“तुमच्या मुलीला नैराश्य नाही, बाई,” डॉक्टर म्हणाले. “माझं निदान चुकलं.”

खेळाच्या बाई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. शाळा सुटल्यावर त्या तशाच आल्या होत्या, गळ्यात शिट्टी आणि पायात कॅनव्हासचे बूट. मुलीची तपासणी झाली होती आणि तिला त्यांनी बाहेर बाकावर बसवलं होतं.

“मग इतके दिवस गोळ्या कसल्या दिल्यात?”

“नैराश्याच्याच. मनाचे डॉक्टर आम्ही. जो येईल त्याचं मनच तपासतो.” डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आज मी तिला विचारलं, उद्या सकाळी ठणठणीत होऊन उठलीस तर काय करशील? वाटलं, ‘काही नाही’ म्हणेल. उदास माणूस बहुधा तेच म्हणतो. ही बोलतच सुटली. सायकलचं पंक्चर काढायचंय, माळा आवरायचाय, पोहायला शिकायचंय, मैत्रिणीचं बाळ बघायला जायचंय. धाप लागली तरी थांबेना. तिला सगळं करायचंय हो. शरीर साथ देत नाही. असा थकव्याचा आजार असतो. विश्रांती घेऊनही थकवा जात नाही, आणि श्रम केले की उलट वाढतो.”

बाईंना आधी हायसं वाटलं. मुलगी डोक्याने ठीक आहे, हे ऐकायला कोणत्या आईला नको असतं! मग शेवटचं वाक्य हळूहळू आत शिरलं.

“श्रम केले की वाढतो?”

“हो. घरी काय काय करते ती?”

एरवी हे सांगताना बाईंची मान ताठ व्हायची. दर रविवारी पहाटे त्या मुलीचं पांघरूण ओढत आणि तिला शाळेच्या मैदानाला चकरा मारायला लावत. कामचुकार मुलींना पळतं करण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. पोटदुखी, डोकेदुखी, मुरगळलेले पाय, सगळी सोंगं त्यांनी नुसत्या शिट्टीने बरी केली होती. मग घरच्याच मुलीला सूट दिली असती, तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं.

“पळायला नेते मी तिला,” त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. “लिफ्ट बंद, जिनाच चढायचा. दुपारी आडवं पडायचं नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना, हलती ठेवा म्हणून?”

“मीच म्हणालो होतो.” डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “पळून आली की कशी असते?”

“मग काय, पुढचे चार दिवस नाटक...”

बाईंनी जीभ चावली. पांघरूण ओढताना मुलगी ते दोन्ही मुठींनी घट्ट धरून ठेवायची, ते त्यांना आठवलं. डॉक्टरांनी नुसतं कागदावर लिहून घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

“आता काय करू?”

“हमखास औषध माझ्याकडे नाही. गोळ्या हळूहळू कमी करू, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. पण ती थकले म्हणाली की खरं मानायचं. झेपेल तेवढंच करू द्यायचं. आडवी पडली, तर पडू द्यायचं.”

बाहेर भिंगरी पर्स उशाला घेऊन बाकावर लवंडली होती. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून घरात हे नाव पडलं होतं, आणि चांगली नोकरीला लागली तरी ते सुटलं नव्हतं. बुटांचा आवाज ऐकताच ती भिंतीला धरून धडपडत उठून बसली.

“झोपले नव्हते गं. जरा टेकले होते नुसती. चल, जिन्यानेच जाऊ.”

बाईंना पुष्कळ बोलायचं होतं. पण आयुष्य ओरडण्यात गेलेलं, माफी कशी मागतात हेच ठाऊक नव्हतं. त्या शेजारी बसल्या आणि मुलीचं डोकं ओढून त्यांनी मांडीवर घेतलं.

“झोप गं राणी,” त्या म्हणाल्या. “काही घाई नाही. दमलीयस तू. नंतर लिफ्टने जाऊ.”

भिंगरी तशीच पडून आईच्या तोंडाकडे बघत राहिली. बघता बघता तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“आई,” तिने विचारलं, “माझे किती दिवस उरलेत म्हणाले डॉक्टर?”